रकाना अकरावा

तहसील कचेरीच्या भिंतीला लागून माझं टेबल,
वर ताडपत्री, एका पायाखाली वीट.
इथे बसून मी लोकांची नावं सुवाच्य करतो.

जुलेखाबी मापारी, वय सहासष्ट,
जन्म कराची,
राहणार दाभोळ, शेहेचाळीस वर्षं.
नवऱ्याच्या नावापाशी त्या थांबल्या,
"हयात नाय असं लिवायचं, का नाव तेवढंच?"
दोन्हीला जागा होती.

अकराव्या रकान्यालाच जागा कमी.
आपल्याविरुद्ध कधी गुन्हा नोंदवला गेला आहे काय?
असल्यास तपशील.
तीन ओळी, त्याही अर्ध्या.

"नाय लिव," त्या म्हणाल्या.
मग माझ्या तोंडाकडे बघून:
"नको. हाय, असंच लिव."

तपशील असा की
सन एकोणीसशे नव्याण्णव, वैशाखातली अवस,
पलीकडे धोपाव्याला लेक अडलेली,
सुईण हात टेकून बसलेली.
व्हिसा दाभोळपुरता.
खाडीपलीकडे तालुका बदलतो,
म्हणजे यांच्या कागदावर मुलूखच बदलतो.
ठाण्यात एकटा शिपाई,
म्हणाला, साहेब सकाळी येतील, परवानगी तेव्हा.
पाणी उतरायला लागलं होतं.
ओहोटी कुणा साहेबासाठी थांबलीय?

त्याच महिन्यात सीमेवर लढाई पेटली
आणि आमच्या ठाण्यातलेसुद्धा ताठ चालू लागले.
विनापरवाना हद्द ओलांडली.
वकील म्हणाला, कबूल करा, दंड भरा, मोकळ्या व्हा.
पाचशे रुपये भरून त्या मोकळ्या झाल्या,
त्याला आता पंचवीस वर्षं.

ठाण्याच्या कॉम्प्युटरात गुन्हा आहे,
कोर्टाच्या दप्तरात निकाल नाही.
त्या सालाचे गठ्ठे, कारकून म्हणतो, वाळवीनं नेले.
सुरुवात तेवढी जपून ठेवली सरकारनं,
शेवट वाळवीनं खाल्ला.
दोनदा अर्ज परत आला:
चारित्र्याबाबत खुलासा करावा.

आता माझा खुलासा.

वल्ही बापाच्या हातात होती,
कंदील माझ्या.
दुसऱ्या दिवशी ठाण्यात बापानं अंगठा दिला,
मी सही केली.
सतराव्या वर्षी, वहीच्या मागे गिरवून गिरवून ठरवलेली सही,
खाली शेपटी काढलेली.
साक्षीदार क्रमांक दोन.
सदर बाई आमच्या होडीने पलीकडे गेली.
खरं होतं. शब्द न् शब्द खरा होता.
सदर बाई वाटभर डालड्याच्या डब्यानं
होडीतलं पाणी उपसत होती,
हे कुणी विचारलं नाही,
मीही सांगितलं नाही.

"तुझी सही ग्वाड होती," त्या आता म्हणतात,
"वकिलानं दावली व्हती मला."
राग शोधला मी त्यांच्या आवाजात.
सापडला असता तर सोपं गेलं असतं.

पिशवीतून त्यांनी एक कागद काढला,
नातवाचा जन्मदाखला.
पोरगा आता कुठल्याशा जहाजावर आहे,
पासपोर्टावर शिक्क्यांना जागा उरली नाही त्याच्या.
तारीख तीच. वेळ, पहाटे तीन वाजून दहा.
"ह्यो जोड. खुलासा म्हून."

नियमात बसत नाही हे.
नातवाच्या जन्माला जोडपत्र म्हणत नाहीत.
मी टाचणी लावली.
अकराव्या रकान्यात कलम लिहिलं, दंड लिहिला,
उरलेल्या अर्ध्या ओळीत, बारीक अक्षरात,
'पाणी उतरत होते.'

किती झाले, त्यांनी विचारलं.
काही नाही, मी म्हटलं.
तरी ओढणीची गाठ सोडून
दोन रुपयांचं नाणं टेबलावर ठेवलं.
"तुझ्या बापानं घेतलं नव्हतं त्या राती.
तरीचं."

मी म्हटलं, जाऊन-येऊन चार होतात.
हसल्या.
"येताना जीपीतनं आणली, बाबा, लांबच्या वाटेनं.
जायाचंच देणं माझ्याकडं."